लोकेच्छा आणि दोन सभागृहे

लोकेच्छा एकच असेल, तर ती सांगायला दोन सभागृहे कशाला? दुसरे सभागृह पहिल्याशी सहमत झाले तर ते निरुपयोगी आणि विरोधात गेले तर उपद्रवी, असा युक्तिवाद फ्रेंच राज्यक्रांतीतील विचारवंत सिएस यांच्या नावावर सांगितला जातो. भारतीय राज्यघटनेने तो मानला नाही. मात्र दोन्ही सभागृहांना सारखे बळही दिले नाही.

सरकारचे आयुष्य आणि तिजोरी लोकसभेच्या हाती आहे. कलम ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेलाच जबाबदार असते, त्यामुळे राज्यसभा सरकार पाडू शकत नाही. धनविधेयक लोकसभेतच मांडले जाते. राज्यसभेने ते १४ दिवसांत परत करायचे. तिच्या सूचना घ्यायच्या की नाही, हे लोकसभा ठरवते. कर लावणाऱ्याने त्याचा जाब थेट मतदाराला दिला पाहिजे, म्हणून ही विषमता रास्त आहे. धोका आहे तो व्याख्येत. विधेयक धनविधेयक आहे की नाही, हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. २०१६ मध्ये आधार विधेयक याच वाटेने गेले आणि राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने फेटाळल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ही वाट ग्राह्य धरली, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी मात्र भिन्नमत नोंदवले. ते भिन्नमतच घटनेच्या हेतूला अधिक धरून आहे, कारण व्याख्या सैल झाली की दुसरे सभागृह नावापुरते उरते.

साध्या विधेयकावर तिढा पडला तर संयुक्त बैठक होते. तिथे ५४३ जागांच्या लोकसभेपुढे २४५ जागांच्या राज्यसभेचे संख्याबळ कमी पडते. १९६१, १९७८ आणि २००२ अशा तीनच वेळा तशी वेळ आली.

राज्यसूचीतील विषयावर संसदेला कायदा करू देणे (कलम २४९) आणि नव्या अखिल भारतीय सेवांना वाट मोकळी करणे (कलम ३१२) हे अधिकार फक्त राज्यसभेचे. तरीही ती पूर्णार्थाने राज्यांची सभा नाही: महाराष्ट्राला १९ जागा, गोव्याला एक.

तिचे खरे बळ काळात आहे. ती विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. म्हणजे आजच्या कौलाशेजारी कालचा कौलही बसलेला असतो. लोकेच्छा ही एका दिवसाची मोजणी नसून टिकून राहणारा निर्धार आहे, असे मानले तरच या रचनेचा अर्थ लागतो. म्हणूनच घटनादुरुस्तीला प्रत्येक सभागृहाची स्वतंत्र संमती लागते. तिथे संयुक्त बैठकीची पळवाट नाही. १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द करणारी घटनादुरुस्ती लोकसभेत संमत झाली. राज्यसभेत तिच्या बाजूने १४९ आणि विरोधात ७५ मते पडली. दोन तृतीयांशाला एक मतही पूर्ण कमी नव्हते, तरी विधेयक पडले. १९७१ च्या निवडणुकीत मतदारांनी सरकारला मोठे बहुमत दिले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्यसभेनेही तनखे रद्द करणारी २६वी घटनादुरुस्ती संमत केली.