काळ्या मातीतलं घर

आजचे वाचन: लूक 6:46-49
सोबत वाचा: मत्तय 7:24-27

आजच्या वचनातला दृष्टांत आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. दोन माणसं, दोन घरं, एक पूर. एक घर टिकतं, एक पडतं. इतकं ओळखीचं वचन असलं की आपण ते वाचत नाही, नुसती नजर फिरवतो. आज जरा थांबून वाचू या.

पहिली गोष्ट. मत्तयात खडक आणि वाळू आहे, पण लूक एक जास्तीचा तपशील देतो. शहाण्या माणसाने खोदलं आणि खोल जाऊन पाया घातला, असं तो सांगतो. दुसऱ्याने पायाच घातला नाही, जमिनीवर तसंच घर उभं केलं.

आपण बेसा-पिपळ्यात राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. इकडच्या काळ्या मातीचा स्वभाव माहीत आहे ना? मे महिन्यात ती इतकी कडक होते की कुदळ मारली तर हाताला झिणझिण्या येतात. बघणाऱ्याला वाटेल, काय पक्की जमीन आहे! पण जुलैत पाणी मुरलं की तीच माती फुगते, आणि उन्हाळ्यात परत आकसून तिला भेगा पडतात. दरवर्षी फुगणं, दरवर्षी आकसणं. वरच्या वर बांधलेल्या कंपाउंडच्या भिंतीला दोन-तीन पावसाळ्यांत तिरपी चीर जाते ती त्यामुळेच. म्हणून जाणकार मिस्त्री काळी माती बाजूला काढत खाली मुरूम लागेपर्यंत जातो. तोवर मालक विचारत असतो, "अजून किती खोदता हो?" कारण त्या खड्ड्यात पैसा जातो, वेळ जातो आणि दाखवायला काहीच नसतं. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये क्लबहाऊसचा फोटो असतो. पायाचा कधी पाहिलात?

दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त टोचते. दोघांनीही प्रभूचं ऐकलं होतं. पडलेलं घर नास्तिकाचं नव्हतं, मंडळीत येणाऱ्याचंच होतं. तो येशूला प्रभू, प्रभू म्हणत होता. फरक ऐकण्यात नव्हता, करण्यात होता. आणि ऐकण्याची सोय तर आपल्याइतकी कोणत्याच पिढीला नव्हती. मिहानला जाता-येता एक संदेश, जेवताना रील, झोपताना वर्शिपची प्लेलिस्ट. दीडपट वेगाने ऐकून एका आठवड्यात पाच पाळकांची प्रवचनं होतात. मग वाटतं, माझी आत्मिक वाढ मस्त चाललीय. पण कानांना वचनाची सवय झाली म्हणजे पाया खोल गेला असं नाही.

आपल्याच रेल्वेलाइनवरचं एक उदाहरण घेऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला गाडीने चालले होते. तेव्हा ते ख्रिस्ती नव्हते. कवी होते, संस्कृतचे जाणकार होते, धर्माबद्दल त्यांच्या मनात मोठा शोध चालू होता. डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी बोलणं झालं. त्या गृहस्थाने त्यांना आदराने वागवलं, नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हटलं. टिळकांनी पुस्तक वाचायचं वचन दिलं होतं, म्हणून पेन्सिल घेऊन वाचायला बसले. सुरुवातीला मन लागेना. मग मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनाशी पोचले आणि तिथून त्यांना निघताच येईना.

त्या प्रवचनाचा शेवट कुठे होतो? याच दोन घरांवर. म्हणजे जो भाग वाचून टिळक भारावले, तोच भाग शेवटी विचारतो, आता यातलं करणार काय?

वाचायला काही दिवस लागले असतील, करायला पुढचं सगळं आयुष्य लागलं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर तुटलं. लक्ष्मीबाईंना आधी कळवलंही नव्हतं. लहान मुलाला घेऊन त्यांनी ती वर्षं ज्या दुःखात काढली ते त्यांनी स्वतः ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं आहे. ते दुःख आपण गोड करून सांगू नये. विश्वासाने चालणाऱ्या माणसाच्या प्रत्येक निर्णयाचा भार घरचेही उचलत असतात, हे विसरलं की साक्ष खोटी होते. पुढे दोघं एकत्र आली, तरी लक्ष्मीबाई लगेच बदलल्या नाहीत. सोवळं, वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक चालूच होता. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या डोक्याने सोडवला, आणि उत्तर मिळाल्यावर पहिलं काम केलं ते कोणाच्याही हातचं अन्नपाणी घेण्याचं. बघा, वचन त्यांच्या ओठांवर येण्याआधी त्यांच्या पेल्यात आलं! 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आणि टिळकांचं खोदणं तिथे थांबलं का? 1917 मध्ये, पंचावन्न वर्षं उलटून गेल्यावर, त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, येशूला गुरू मानणारे सगळे त्यात यावेत ही त्यांची इच्छा होती. 1919 मध्ये ते प्रभूकडे गेले. आपल्या वयात पगार सोडायचा विचारसुद्धा ईएमआयच्या तारखेपाशी अडतो. प्रत्येकाने नोकरी सोडावी असं वचन म्हणत नाही. पण मला प्रश्न पडतो, माझ्या आयुष्यात अशी एक तरी गोष्ट आहे का, जी मी केवळ प्रभूने सांगितलं म्हणून केली?

इथे एक गैरसमज नको. करणं म्हणजे कर्मांनी तारण कमावणं नाही. दृष्टांतातला खडक त्या माणसाने बनवला का? नाही. खडक आधीपासून तिथे होता. त्याने फक्त मधली माती काढली. कृपा ही अशीच आपल्या आधीपासून आहे. आज्ञा पाळणं म्हणजे त्या कृपेच्या आणि माझ्या मध्ये साचलेली माती उपसणं. माझा अहंकार, माझी भीती, लोक काय म्हणतील, ही सगळी काळी माती. सुखाच्या दिवसांत अगदी कडक वाटणारी.

ती कुठे खोदायची? लूक 6 मध्येच प्रभूने जागा दाखवल्या आहेत. वैऱ्यावर प्रीती करा. परत मिळायची आशा न धरता द्या. दोष काढू नका. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर, ज्या सहकाऱ्याने अप्रेझलच्या वेळी तुमच्या कामाचं श्रेय घेतलं, त्याचा बिल्ड रात्री अकराला फुटला तर तुम्ही फोन उचलता का? घरकामाला येणाऱ्या मावशींना महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो, की "ताई, जरा थांबा" ऐकावं लागतं? धाकट्या भावाशी प्लॉटवरून बोलणं बंद आहे, आणि रविवारी मात्र आपण हात उंचावून गातो? हे खड्डे कुणाला दिसत नाहीत. त्यांचं स्टेटस ठेवता येत नाही. पण पाया तिथेच पडतो.

आणि पूर येणारच. प्रभूने शहाण्याला पुरातून सूट दिली नाही. दोन्ही घरांवर तोच लोंढा आदळला. लेऑफचा मेल, आईचा रिपोर्ट, जुळत आलेलं लग्न मोडणं, हे विश्वासणाऱ्याच्याही दारी येतं. आपण सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, खरी परीक्षा लोड आल्यावर. त्या रात्री पाया घालायला वेळ नसतो. तो आज, कोरड्या दिवसांतच घालावा लागतो.

म्हणून आज नवीन संदेश ऐकू नका. लूक 6:27 ते 38 एकदा हळू वाचा. जिथे मन अडेल, त्या एकाच ओळीपाशी थांबा आणि झोपण्याआधी तेवढं करा. फोन असेल तर फोन. पैसे असतील तर पैसे. क्षमा असेल तर क्षमा.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तुझं ऐकून ऐकून आम्ही थकलो नाही, पण करायला कचरतो. आमच्या मनातली माती तू जाणतोस. आज एक हात खोल जायला बळ दे. आमच्या निर्णयांचा भार जे घरचे सोसतात त्यांना सांभाळ, आणि त्यांच्याशी खरं बोलायचं धैर्य आम्हाला दे. पूर येईल तेव्हा आमचा खडक तूच हो. तुझ्याच नावात मागतो. आमेन.