पहिले शील आणि पलटणीची वाट



बेंबळीच्या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात पोरे धावताना दिसतात. सैन्यभरतीची ती तयारी असते. त्यांच्यापैकी एकाची आई परवा मला म्हणाली, "गुरुजी, आम्ही आता विहारात पंचशील घेतलं. जीव घ्यायचा न्हाई म्हणून हात जोडून बोललो. मग पोराला मिलट्रीत जाऊ द्यावं का न्हाई?"

मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. नुकतीच दीक्षा घेतलेल्या तुम्हा सर्वांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे. म्हणून त्याचा विचार आपण मिळून करू.

सैन्याशी आपले नाते जुने आहे. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला आपले पूर्वज लढले. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. त्यांचे वडील सुभेदार होते. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांना पलटणीने गणवेश दिला, अक्षरओळख दिली. पुढे इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. पहिले महायुद्ध आले, माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये महारांची १११ वी पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. गरज सरो, वैद्य मरो! १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता.

तेव्हा पलटणीला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु शौर्य आणि युद्धाची न्याय्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शौर्याला आपण वंदन करतो. युद्ध न्याय्य होते की नाही, हे मात्र प्रत्येक वेळी तपासावे लागते.

धम्म याबाबत काय सांगतो? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग सांगितला आहे. शाक्य आणि कोलिय पाण्यावरून भांडले. शाक्यसंघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने विरोध केला, मतदानात तो हरला. मग सक्तीच्या भरतीचा ठराव आला. सिद्धार्थाने सैन्यात जाण्यास नकार दिला आणि कुटुंबावर बहिष्कार, मालमत्तेवर जप्ती येऊ नये म्हणून स्वतः परिव्रज्या पत्करली. नकार देणारा तो भित्रा होता काय? लढणाऱ्याइतकेच धैर्य त्याला लागले.

त्याच ग्रंथात सिंह सेनापतीचाही प्रसंग आहे. शांततेचे सर्व उपाय थकल्यावर जो न्यायासाठी लढतो, त्याला तथागत दोष देत नाहीत. दोष युद्धाला कारण होणाऱ्याचा. जीव घेण्याची इच्छा आणि जीव घेण्याची गरज यांत बाबासाहेबांनी भेद केला. पहिले शील इच्छेला बंदी करते.

येथेच खरी अडचण सुरू होते. गरज आहे की नाही हे ठरवायचे कोणी? जवानाने आज्ञा पाळण्याची शपथ घेतलेली असते, त्याला युद्ध निवडता येत नाही. निवडते सरकार, आणि सरकार निवडतो आपण. म्हणजे जवानाच्या पहिल्या शीलाची राखण आपल्या मतावर येऊन पडते. सरकारच्या धोरणाला प्रश्न विचारणे हा देशद्रोह नव्हे. १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी निवेदनात स्पष्ट दाखवून दिले की ३५० कोटींच्या महसुलापैकी १८० कोटी सैन्यावर जात आहेत आणि याचे मूळ परराष्ट्र धोरणात आहे. घटनेच्या शिल्पकाराने जे केले ते तुम्ही-आम्ही का करू नये?

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामाची राजवट संपली, रझाकारांच्या जुलमातून मराठवाडा सुटला. ती गरज होती असे मी मानतो. पण त्यानंतर काय झाले? सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मुसलमान वस्त्यांवरील अत्याचारांची चौकशी केली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्गा, बिदर, नांदेड यांच्याबरोबर उस्मानाबादचे नाव आहे. मृतांचा समितीचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता, आणि तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. जेथे गरज संपली तेथे इच्छा सुरू झाली. रझाकाराचा सूड शेजारच्या शेतकऱ्यावर, विणकरावर उगवला गेला. ज्यांच्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या जाळल्या गेल्या, त्या आपण तरी हे विसरता कामा नये.

आता भरतीविषयी. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चारांपैकी फार तर एकाला कायम करायचे, बाकीच्यांना पेन्शन नाही. हाती सुमारे पावणेबारा लाख, त्यातला मोठा वाटा पोराच्याच पगारातून कापलेला. सैन्य तरुण राहावे हा सरकारचा हेतू असेल. पण जो जीव द्यायला तयार आहे त्याला चार वर्षांनी मोकळे करणे मला न्याय्य वाटत नाही. १९२१ ची आठवण होते. ज्याच्या नावावर शेत नाही, त्याच्या घरात पेन्शन हेच शेत असते.

त्या माउलीला आता मी असे सांगेन. मावशी, पोराची मनापासून इच्छा असेल तर जाऊ दे, शील मोडत नाही. पण केवळ चूल पेटत नाही म्हणून धाडू नको, आधी त्याचे शिक्षण पुरे कर. जाताना त्याला सांग : समोरच्याचा द्वेष मनात धरू नको, नि:शस्त्रावर हात उचलू नको. आणि तू घरी बसून युद्धाच्या बातमीला टाळ्या वाजवू नको. मत मागायला येतील त्यांना विचार, माझ्या पोराला कशासाठी पाठविणार आहात?

हे विचारणाऱ्या आईच्या घरी पहिले शील जिवंत आहे असे समजावे.