निरुपद्रवी, पण कोणाला?

बिब्यासारखी दुतोंडी वस्तु आपल्या घरांत क्वचितच दुसरी असेल. आंतल्या बीला आपण गोडंबी म्हणतों. ती बाळंतिणीच्या लाडवांत पडते. बाहेरच्या सालींतलें काळें तेल उतलें म्हणजे मात्र कातडीची भाजल्यासारखी दशा होते. चरकानें भल्लातकाला रसायनांत बसविलें, पण अग्नीची उपमा देऊनच.

माझ्या लहानपणीं आम्हां दोघां भावांच्या टाचांना आत्याबाईंनीं एकाच दिवशीं बिबा तापवून लाविला. मला कांहीं झालें नाहीं. धाकट्याचा पाय दुसऱ्या दिवशीं फोडांनीं भरला, आणि तेलाचीं बोटें डोळ्यांना लागल्यामुळें तोंडही सुजलें. आत्याबाई रात्रभर त्याच्या उशाशीं खोबरें वाटून लावीत बसल्या. सकाळीं मात्र म्हणाल्या, "यानेंच पथ्य मोडलें असेल. याच्या भावाला कसा उतला नाहीं?" पुरावा म्हणून माझी टाच सर्वांना दाखविण्यांत आली. मला तिचा अभिमान वाटला, हें सांगावयास आज लाज वाटते.

क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ सालीं घडविला. बिब्याचें तेल मुळांत जहाल आहेच. पण तें त्वचेंतील प्रथिनांशीं जडतें, शरीराच्या रक्षक पेशी त्या जोडीला शत्रु समजतात, आणि पुढचा दाह हा बहुतांशीं त्यांच्याच चढाईचा असतो. ही ओळख पटण्यास वेळ लागतो. म्हणून पहिली भेट पुष्कळदां गुपचूप जाते, व पुढल्या एखाद्या खेपेस एक-दोन दिवसांनीं आग उसळते. "पूर्वीं लाविलें तेव्हां कांहीं झालें नाहीं," हा आपला लाडका पुरावा मग पुरावाच राहत नाहीं. ती कदाचित् पूर्वतयारी असते. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या परदेशी सैनिकांना, धोब्यानें कपड्यावर बिब्यानें केलेल्या खुणेखालींच पुरळ उठे. त्यांनीं कोणतें पथ्य मोडलें होतें?

'नैसर्गिक' हा शब्द वस्तूचें माहेर सांगतो, तिचा स्वभाव नव्हे. 'निरुपद्रवी' म्हणतांना तर 'कोणाला' ही चतुर्थी आपण सोयीस्करपणें गाळतों. ती गाळली, कीं ज्याला बाधलें तोच अपराधी ठरतो. झाडावर रागावण्यांत अर्थ नाहीं. त्याला हेतु नाहीं. आत्याबाईंचा हेतु तर चांगलाच होता. माझ्या मतें त्यांचा दोष बिबा लावण्यांत नव्हता. सुजलेलें तोंड समोर असतांना त्याच्या धन्याची साक्ष न मानण्यांत होता.

आणि आपलें काय? बिबा, आंबा, काजू हीं एकाच कुळांतलीं. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलहून आणलेला काजू कोंकणांत व गोव्यांत रुजला. त्याच्या कवचांतल्या तेलानें तो फोडणाऱ्या बायकांचीं बोटें काळीं पडतात, सोलवटतात. राख किंवा तेल चोळून त्या काम रेटतात. आत्याबाईंना कारण ठाऊक नव्हतें. आपल्याला ठाऊक आहे. तरी बर्फीवरचा काजू उचलतांना आपण म्हणतों, "त्यांना सवय असते." हातमोज्यांची किंमत कोणी द्यावयाची, हा प्रश्न त्या एका वाक्यानें मिटतो.

आत्याबाईंनीं पुन्हां कधीं बिबा लाविला नाहीं. चुकलें असेंही कधीं म्हटलें नाहीं. धाकटा अजून आंब्याची साल दांतांनीं सोलीत नाहीं. घरांत त्याला सगळे नाजूक म्हणतात.