अवेळी आलेले कर्तृत्व

एखाद्याच्या अंगी असामान्य गुण असावा आणि तो वापरण्यास जगात जागाच नसावी, अशा माणसाच्या आयुष्याचे मोल कोणत्या मापाने करावे? प्रश्न जुना आहे. भवभूतीलाही तो पडला होता. आपले काव्य जाणणारा कोणीतरी पुढे केव्हातरी जन्मास येईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. कवीला ही सोय असते, कारण पोथी थांबू शकते. परंतु ज्याची कला त्याच्या देहातच वसते आणि देहाबरोबरच ओसरते, त्याने कोणाची वाट पाहावी?

अमेरिकेतील बास्केटबॉलपटू लुशिया हॅरिस यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न मनातून जात नाही. १९५५ साली मिसिसिपी राज्यातील मिंटर सिटी येथे, दुसऱ्याची जमीन वाट्याने करणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरात अकरा मुले. लहानपणी शेतात कापूस वेचण्याचे काम त्यांनीही केले. उंची सहा फूट तीन इंच. डेल्टा स्टेट विद्यापीठाच्या संघाने १९७५, १९७६ आणि १९७७ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, ते मुख्यतः त्यांच्या बळावर. त्यांच्या कारकिर्दीत संघाने १०९ सामने जिंकले आणि अवघे ६ गमावले. त्यांचे स्वतःचे गुण २,९८१ भरले. १९७६ साली माँट्रियल येथे ऑलिंपिकमध्ये महिलांच्या बास्केटबॉलला प्रथमच प्रवेश मिळाला आणि त्या स्पर्धेतील पहिली बास्केट हॅरिसबाईंच्या हातून झाली. अमेरिकेला रौप्यपदक मिळाले.

आणि मग? मग काहीच नाही. पदवी हाती आली त्या वेळी अमेरिकेत स्त्रियांसाठी व्यावसायिक संघच नव्हते. आपल्यापैकी जे सरकारी दप्तरात मुरले आहेत त्यांना हे लवकर उमगेल: उमेदवार सर्वार्थाने लायक, पण पदच मंजूर झालेले नाही! १९७७ साली न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या संघाने निवडीच्या सातव्या फेरीत त्यांचे नाव पुकारले. हॅरिसबाईंना तो प्रसिद्धीचा प्रकार वाटला. शिवाय त्या तेव्हा गरोदर होत्या. त्या गेल्या नाहीत. पुढे स्त्रियांचा एक अल्पायुषी व्यावसायिक संघटनेचा प्रयोग झाला, त्यात ह्यूस्टनकडून त्या थोडा काळ खेळल्या. नंतर आपल्याच प्रांतात शिक्षिका आणि प्रशिक्षक म्हणून त्यांनी काम केले, चार मुले वाढविली, आणि मनोव्याधीशी झुंजही दिली. स्त्रियांची आजची व्यावसायिक स्पर्धा, डब्ल्यूएनबीए, १९९७ साली सुरू झाली. हॅरिसबाई तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या.

याला आपण दैव म्हणतो. मला हा शब्द येथे फार सोयीचा वाटतो, आणि म्हणूनच संशयास्पद. त्यांच्या प्रशिक्षिका मार्गारेट वेड यांचेच पाहा. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्या याच डेल्टा स्टेटमध्ये खेळत होत्या, आणि हा खेळ स्त्रियांच्या प्रकृतीस झेपणारा नाही, असे ठरवून महाविद्यालयाने संघच बंद केला. तो पुन्हा उभा राहिला १९७३ साली, म्हणजे शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा १९७२ चा कायदा झाल्यावर. मधली चाळीस वर्षे कोणत्या ग्रहाने खाल्ली? तो निर्णय कोणा माणसांनी घेतला, बैठकीत घेतला, आणि बहुधा सद्हेतूने घेतला. पत्रिकेत काही नव्हते; इतिवृत्तात होते.

येथे एक अडचण उभी राहते. हॅरिसबाईंनी स्वतः उतारवयात खंत व्यक्त केली नाही. जॅझची संधी नाकारल्याचा पश्चात्ताप नाही, असेच त्या म्हणत. मग ज्याचे दुःख त्याला नाही, ते आपण का वाहावे? आपल्याकडे अशा वेळी निष्काम कर्माचा दाखला तत्काळ निघतो; फळाची आशा न धरण्याचा हा उपदेश पुष्कळदा फळ खाऊन झालेला मनुष्यच करतो, हे जाता जाता नमूद केले पाहिजे. त्यांचे समाधान खरे होते याविषयी शंका घेण्याचा मला अधिकार नाही. तिची करुणा करणे हाही एक प्रकारचा उद्धटपणाच होईल, कारण मुले वाढविणे आणि शाळेत शिकविणे हे काही आयुष्याचे उरलेसुरले तुकडे नव्हेत. तथापि सावकाराने तगादा लावला नाही म्हणून कर्ज फिटत नाही. समाधान त्यांनी मिळविले. त्याचे श्रेय ज्या व्यवस्थेने दार बंद ठेवले तिच्या खाती जमा करता येणार नाही.

आणि आपलेही काही गेले, हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. बाविसाव्या वर्षापर्यंत जो खेळ इतका फुलला होता, तो तिसाव्या वर्षी कसा दिसला असता, हे आता कोणासही कळणार नाही. तो कोणत्याही पोथीत लिहून ठेवलेला नाही.

सन्मान आला, पण सावकाश. १९९२ साली स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल सन्मानदालनात प्रवेश मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. त्यांच्यावरील लघुपट ‘द क्वीन ऑफ बास्केटबॉल’ २०२१ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात त्या खुर्चीवर बसून, मधूनमधून खळखळून हसत, आपली हकीगत स्वतः सांगतात. त्या लघुपटाला मार्च २०२२ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. हॅरिसबाई त्याच वर्षी जानेवारीत निवर्तल्या होत्या.