परत आलेल्यांची साक्ष

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्यांत मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात सीपीआर शिकवतात. पुतळ्याची छाती तळव्यांनी निदान पाच सेंटिमीटर खाली दाबायची, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दोन मिनिटांत दंड भरून येतात. पॅनेल उघडणाऱ्या, भट्टीशी उभं राहणाऱ्या माणसांना शॉक म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ती मन लावून शिकतात. आणि त्यातून एक प्रश्न निघतोच: बंद पडलेलं हृदय पुन्हा चालू झालं, तर तो माणूस मेला होता असं म्हणायचं का?

हा प्रश्न विजेच्या धक्क्यातूनच जन्मला आहे. अमेरिकेत तारांवर काम करणारे लाइनमन शॉकने मरू लागले, तेव्हा वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा पुरवला. पुढे १९६० साली जॉन्स हॉपकिन्समधल्या विल्यम कोवेनहोवन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी, छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्त फिरतं ठेवण्याची पद्धत मांडली. कोवेनहोवन मुळात विद्युत अभियंता होते. एरवी क्वचित ऐकू येणारी मरणाच्या दारातून परतलेली माणसं आता दवाखान्यांत भेटू लागली. १९७५ साली रेमंड मूडी यांनी त्यांच्या हकिकतींचं पुस्तक काढलं. अंधारा बोगदा, पलीकडे उजेड, आधी गेलेली माणसं, आणि मागे फिरण्याची हाक. कित्येक ख्रिस्ती वाचकांना वाटलं, स्वर्गाचा पुरावा हाती आला.

मग सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली भारतातल्या सोळा हकिकती प्रसिद्ध केल्या. त्यांत बोगदा नव्हता. यमदूत येतात, ओढत नेतात, वहीवाला पान उलटतो आणि खेकसतो, ‘हा नव्हे, दुसरा आणायचा होता!’ तिकडचा माणूस परततो तो कुणाच्या तरी मायेपोटी किंवा अपुऱ्या कामासाठी. आपल्याकडचा परततो कारकुनाच्या चुकीमुळे. लहानपणी आजीकडून चित्रगुप्त ऐकलेल्याला चित्रगुप्त दिसावा आणि रविवारच्या शाळेत वाढलेल्याला येशू दिसावा, यात लबाडी कुणाचीच नाही. पण मग दिसलेलं रूप हा परलोकाचा नकाशा मानता येत नाही. संशयवाद्यांचं हे म्हणणं मला बिनतोड वाटतं.

हा सगळा निव्वळ मेंदूचा खेळ आहे, हे त्यांचं पुढचं म्हणणं मात्र तितकं पक्कं नाही. पिम व्हॅन लोमेल यांनी हृदय बंद पडून वाचलेले ३४४ रुग्ण अभ्यासले, निष्कर्ष २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. ६२ जणांना काही आठवत होतं, बाकीच्यांना काहीच नाही. केवळ मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने हे घडत असेल, तर ते इतक्या थोड्यांनाच का, असा त्यांचा सवाल होता. सॅम पार्निया यांनी तर दवाखान्यांत छताजवळ फळ्या ठोकून त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. २०१४ साली निष्कर्ष आले, त्यात एकालाही चित्र दिसल्याची नोंद नाही. २०२३ साली मिशिगनमध्ये मरणासन्न चौघांच्या मेंदूचे आलेख प्रसिद्ध झाले. व्हेंटिलेटर काढल्यावर त्यांतल्या दोघांच्या मेंदूत जोरदार गॅमा लहरी उठल्या होत्या. त्या दोघांना काय दिसलं, हे कधीच कळणार नाही. ते परतले नाहीत.

या सगळ्यात ख्रिस्ती श्रद्धेचं मूळ म्हणणं बाजूला पडलं, याची मला खंत वाटते. रॉयल वाइल्डर १८५२ साली मिशनकार्यासाठी कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं चर्च शहरात उभं आहे. तिथल्या उपासकाला विचारा, तो शरीराच्या पुनरुत्थानाची गोष्ट सांगेल. आत्मा देहातून निसटून उजेडाकडे जातो, हे चित्र प्लेटोच्या जास्त जवळचं. ऑस्कर कुलमान या धर्मपंडिताने १९५५ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानात हाच फरक ठणकावून सांगितला: सॉक्रेटिस मरणाला मित्र समजून विषाचा पेला घेतो, येशू गेथशेमाने बागेत मरणापुढे व्याकूळ होतो. कारण त्याच्या लेखी मरण खरं आहे, सगळं हिरावून नेणारं आहे, आणि जीवन परत मिळालं तर ते देवाने नव्याने दिलेलं असेल. योहानाच्या शुभवर्तमानात लाजर चार दिवस कबरेत राहून बाहेर येतो. त्या चार दिवसांत त्याने काय पाहिलं, यावर तिथे एक अक्षरही नाही. पुराव्याची गरज असती, तर याहून चांगला साक्षीदार कुठला?

म्हणूनच गॅमा लहरींनी पुनरुत्थानाची श्रद्धा खोटी ठरत नाही आणि बोगद्यातल्या उजेडाने खरीही ठरत नाही. बंद हृदय पुन्हा चालू झालेला माणूस मरणाच्या उंबऱ्यावरून परतलेला असतो आणि त्याला पुढे एकदा मरायचंच असतं. विश्वासणाऱ्याची आशा त्या दुसऱ्या मरणापलीकडची आहे.

डिसेंबर २०२४मध्ये कोल्हापुरात मृत समजून घरी नेल्या जाणाऱ्या एका वयस्क वारकऱ्याची अँब्युलन्स गतिरोधकावर आदळली आणि घरच्यांना त्यांची बोटं हलताना दिसली. उपचारांनंतर ते पायी घरात आले. कुणी विठ्ठलाची कृपा म्हटलं, कुणी निदानातली चूक. अशा वेळी भेटायला येणारा जो तो ‘काय दिसलं हो?’ असं विचारतो, आणि ज्याला काहीच दिसलं नाही त्यालाही काहीतरी सांगणं भाग पडतं. अमेरिकेत अपघातातून वाचलेल्या एका मुलाची स्वर्गयात्रा २०१० साली पुस्तकरूपाने आली आणि खूप खपली. २०१५ साली त्यानेच जाहीर केलं, की आपण स्वर्गात गेलोच नव्हतो, लक्ष वेधलं जाईल म्हणून तसं बोललो. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. अपघात झाला तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि त्याच्या भोवतीच्या मोठ्या माणसांना पुरावा हवा होता.