सरमेचा जाब

आजच्या इराकमधल्या एश्नुन्ना या नगरराज्यात सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी एक कायदा होता. कुत्रा पिसाळला आहे असे वस्तीच्या कारभाऱ्यांनी बजावूनही मालकाने तो आवरला नाही आणि चावलेला माणूस दगावला, तर मालकाने ४० शेकेल चांदी भरायची. दगावलेला गुलाम असेल तर १५. जिवांची ही प्रतवारी आज वाचवत नाही. पण जाब मालकाला होता, आणि तोही त्याला धोका कळलेला होता म्हणून.

बायबलच्या निर्गम ग्रंथात मात्र माणूस मारणाऱ्या बैलालाही दगडांनी ठेचायचे आहे. ज्याला बरे-वाईट निवडताच येत नाही, त्याचा अपराध कसला?

याज्ञवल्क्यस्मृती वेगळ्या ठिकाणी बोट ठेवते. दाढांच्या वा शिंगांच्या जनावरापासून माणसाला सोडवणे शक्य असून जो मालक सोडवत नाही, त्याला दंड; सापडलेल्याने आरडाओरडा केल्यावरही तो हलला नाही, तर दुप्पट. हाक ऐकूनही जागचे न हलणे हे स्मृतिकाराला अधिक मोठे पाप वाटले, आणि ते योग्यच होते.

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञाजवळ आलेल्या कुत्र्याला बडवतात. त्याने हविर्द्रव्याला तोंडही लावलेले नसते. त्याची आई सरमा भर यज्ञात येऊन विचारते, याचा अपराध काय? उत्तर मिळत नाही, तेव्हा ती शाप देते.

ब्रिटनच्या धोकादायक कुत्र्यांविषयीच्या १९९१च्या कायद्यापुढे हाच प्रश्न उभा राहतो. पिट बुलसह चार प्रकारच्या कुत्र्यांवर त्याने बंदी घातली; १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये एक्सएल बुलीही सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय पाळता येत नाही. ओळख पटवायची ती अंगलटीवरून, आणि कुत्रा त्या प्रकारचा नाही हे सिद्ध करायचे मालकाने. म्हणजे काहीही न करता, जन्मानेच आरोपी. ज्या घरातले मूल कुत्र्याने फाडले, त्या घराला हा युक्तिवाद ऐकवणे क्रूरपणाचे ठरेल, हेही खरे. पण त्या घराला न्याय देणारे कलम त्याच कायद्यात आहे: कोणत्याही जातीचा कुत्रा बेफाम होऊन माणूस मेला, तर जबाबदार व्यक्तीला १४ वर्षांपर्यंत कैद.

भारतात मार्च २०२४ मध्ये केंद्राने कुत्र्यांच्या २३ जातींवर बंदी घालण्यास राज्यांना परिपत्रकाने कळवले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक एप्रिलमध्ये रद्द केले. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ मात्र जात विचारत नाही. ताब्यातल्या जनावरापासून संभवणारा धोका टाळण्याइतकी काळजी घेतली होती का, एवढेच ते पाहते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मेलेल्या माणसाच्या घरच्यांपुढे ही रक्कम उच्चारायलाही लाज वाटावी.