नकलेचे ऋण

आपल्या सीमाभागातील माणसाला हैदराबाद कधी परके वाटले नाही. 1956 पर्यंत नांदेड, बिदर आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. पुढे सरहद्दी बदलल्या, पण वाटा बदलल्या नाहीत. पूर्वी लोक औषधपाण्यासाठी, कोर्टकचेरीसाठी तिकडे जात. आता इकडची काही मुले शिकवणीसाठी दिलसुखनगरात खोली घेऊन राहतात. विजयवाडा रस्त्यावरची ही वस्ती शिकवणी वर्गांच्या पाट्यांनी गजबजलेली. 2018 पासून तिच्या डोक्यावरून मेट्रोही धावते. अशा वस्तीत दुरुस्तीची लहानलहान दुकाने असायचीच. तिथल्या कारागिराच्या टेबलावर येऊ शकणाऱ्या एका क्षुल्लक वस्तूने माझ्यापुढे एक प्रश्न उभा केला आहे. तो वाचकांपुढे ठेवतो.

वस्तू म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम. त्यात खुपसायच्या डबीला आपण सारे 'कॅसेट' म्हणत आलो, वास्तविक तिच्यात फीत नसते. मूळ यंत्र जपानमधील क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीचे. 15 जुलै 1983 रोजी 'फॅमिकॉम' या नावाने ते बाजारात आले. मसायुकी उएमुरा हे त्याच्या रचनेचे प्रमुख. परंतु आपल्याकडच्या बहुतेक घरांत जे आले ते फॅमिकॉम नव्हे, त्याची नक्कल. तैवानमध्ये मूळ चिपांच्या हुबेहूब प्रती निघाल्या, आणि पुढे सारे यंत्रच काळ्या लाखेसारख्या एका थेंबाखाली मावू लागले.

अलीकडच्या काही नकलांत खेळ आतच भरलेले असतात, कॅसेटची खाच नसते. मात्र एखाद्या यंत्राच्या पाटीवर जुन्या खाचेचे साठ बिंदू रिकामे सापडतात. हौशी माणूस तेथे खाच बसवू पाहतो. काम किचकट. तीस-तीसच्या दोन ओळी; त्यांत प्रोग्रामच्या तारा वेगळ्या, चित्राच्या वेगळ्या. मूळ रचनेत तर आवाजही यंत्रातून कॅसेटमध्ये जाऊन परत येतो. ती जोडणी राहिली तर चित्र हलते पण यंत्र मुके. कंट्रोलरला पाच तारा: वीज, जमीन, आठ बटणांची स्थिती एकदम टिपून धरणारी, एकेक बटण पुढे सरकवणारी, आणि उत्तर आणणारी. नकली कंट्रोलरच्या तारांच्या रंगांना काही नियम नाही. लाल म्हणजे वीजच असे धरून चालता येत नाही. मीटर लावून प्रत्येक तार कुठे जाते ते पाहावे लागते.

आता प्रश्न असा : नकलेवर एवढी निष्ठेने मेहनत करणे हे सत्कर्म, की चोरीच्या मालाला दिलेली चकाकी?

चोरीच, असे म्हणणारे चुकीचे नाहीत. कुणीतरी वर्षानुवर्षे डोके शिणवले; दुसऱ्याने त्याचा ठसा घेतला आणि पैसे केले. पण 'मूळ' म्हणजे तरी काय, हे पाहू लागले की पायाखालची जमीन हलते. फॅमिकॉमच्या मुख्य चिपेचा गाभा अमेरिकेतील 1975 च्या 6502 या चिपेचा. त्यातली दशमान गणिताची सोय तेवढी निकामी केलेली. आणि नेमके त्याच सोयीवर अमेरिकेत पेटंट होते! बरे, 6502 करणारी मंडळी मोटोरोला सोडून आलेली. 6502 च्या जोडीची 6501 मोटोरोलाच्या 6800 च्या जागी थेट बसेल अशी होती. त्यावर खटला झाला, 6501 मागे घ्यावी लागली. म्हणजे ज्याची नक्कल झाली त्याच्याही अंगावर दुसऱ्याच्या पाऊलखुणा आहेतच.

यावरून काही जण सोयीचा निष्कर्ष काढतात : सगळेच उसने, मग दोष कुणालाच नको. मला हे पटत नाही. साऱ्या गावावर कर्ज आहे म्हणून माझे कर्ज फिटत नाही.

आपल्या परंपरेत याचे दोन दाखले आहेत. एकलव्याने परवानगीवाचून विद्या घेतली, पण गुरूची मूर्ती समोर ठेवून घेतली. ऋण लपवले नाही. त्याचा अंगठा मागणारी व्यवस्था मला अन्यायाची वाटते, त्याची साधना नव्हे. दुसरा दाखला एकनाथांचा. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. प्रतींमुळेच तो ग्रंथ आपल्यापर्यंत आला आणि प्रतींमुळेच तो बिघडलाही होता. नाथांनी मूळ शोधले, भर घातली नाही, मूळ कर्त्याचे नाव झाकले नाही. तेव्हा नक्कल स्वतःहून पाप नाही. खोटेपणा कोठे शिरतो, ते पाहायला हवे.

या कसोटीवर आपले यंत्र लावून पाहू. पेटंटाची मुदत कायद्यानेच साधारण वीस वर्षांची ठेवली आहे. 1983 च्या यंत्राची रचना आज कुणीही अभ्यासावी, जोडावी. खेळांचे तसे नाही. ते लिहिलेले काम आहे, पुस्तकासारखे. त्यावरचा हक्क अजून जिवंत आहे. 1985 चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या 40 किलोबाइटांत मावतो, पण आकार लहान म्हणून हक्क लहान होत नाही. आणि 'एकात 9999999 खेळ' अशी चिठ्ठी लावलेली कॅसेट? आत मोजके खेळ, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा. तिने खेळ करणाऱ्याला तर लुबाडलेच, पण शंभर वेळा बटण दाबून नवा खेळ शोधणाऱ्या पोरालाही फसवले.

दोषही मग सर्वांना सारखा वाटता येत नाही. खेळणाऱ्या मुलाला काही ठाऊक नसते. बाप पगार पाहून घेतो. गरज हा परवाना नव्हे, पण ती लबाडीही नव्हे. कारागीर तारा जोडतो, मोडकी वस्तू कचऱ्यात जाऊ देत नाही. त्याची मजुरी हलाल आहे. मात्र त्यानेच चोरटे खेळ भरून विकायला घेतले की तो दुसऱ्या रांगेत जाऊन बसतो. जाणून-बुजून नाव पुसणारा सगळ्यांत पुढे.

आपल्याकडे ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे मानतात. मीटर घेऊन साठ बिंदू तपासणारा मुलगा उएमुरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय विचार केला असेल, तो पुन्हा एकदा करत असतो. हे अध्ययनच आहे. पण ऋषिऋण फिटले म्हणून वाण्याची उधारी फिटत नाही. खेळ लिहिणाऱ्याचे पैसे राहिले ते राहिलेच. ही दोन खाती वेगवेगळी ठेवणे, एकातली जमा दुसऱ्यात न दाखवणे, एवढा हिशेब तरी चोख असावा.

उएमुरा 2021 मध्ये वारले. नकली यंत्रावर खेळणाऱ्या लक्षावधी मुलांना त्यांचे नाव कधी कुणी सांगितले नाही. नाव सांगायला पैसे पडत नाहीत. यंत्र दुरुस्त करून मुलाच्या हाती देताना तेवढे जरी सांगितले, तरी ऋणाची पहिली ओळ वहीत लिहिली जाईल. ती न लिहिता वही कोरी दाखवणे, याला मी चोरी म्हणतो.